बाराव्या पाकळीनंतर

१

पृथ्वी करायला बारा पाकळ्या लागतात. कागदाच्या. दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे फुगीर, संत्र्याची साल उभी कापून सपाट केल्यावर दिसेल तशा. एकेक पाकळी खळीत भिजवायची, गोळ्यावर ठेवायची आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यायची. ओला कागद ताणतो, वाळला की आवळतो. किती ताणू द्यायचा हे तोंडाने सांगता येत नाही. बाबांनी मला सांगितलंही नाही, नुसतं शेजारी बसवलं आणि चुकले की हातावर चापट मारली.

आमच्या कामाला कारखाना म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतं. दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत लाकडी घोड्यांवर बसलेले लगद्याचे आणि प्लास्टरचे गोळे, मागच्या खोलीत खळीचं पातेलं आणि दोरीवर वाळत घातलेले खंड. नवखा माणूस आत आला की आधी दोरीखाली वाकतो आणि मग वर बघतो, तर डोक्यावर अर्धी आफ्रिका टपटप गळत असते.

शाळेच्या सहली येतात तेव्हा बोलायचं काम माझं. बाबा मुलांना घाबरतात. मी आधी भिंतीवरचा नकाशा दाखवते आणि विचारते, ग्रीनलंड मोठं की आफ्रिका? सगळे म्हणतात, सारखंच दिसतंय. मग गोलावर दाखवते : आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात. सपाट नकाशा इतका धडधडीत खोटं बोलतो आणि आपण तो वर्गात टांगतो. मग दोरा काढते आणि दोन शहरांमधला सगळ्यात जवळचा रस्ता विचारते. मुलं सरळ आडवी रेघ दाखवतात, दोरा मात्र ताणला की घसरत घसरत थेट बर्फावरून जातो. शेवटी मी गोल एका विशिष्ट बाजूने फिरवून धरते. समोर सगळं निळं. कडेला कुठेतरी जमिनीच्या चार चिंध्या. ‘ही पण पृथ्वीच,’ मी म्हणते. तेव्हा वर्ग गप्प होतो. मी स्वतः हे कितीदा केलंय, तरी दर वेळी गोल परत जमिनीकडे फिरवायला मला क्षणभर उशीर होतो.

आमचा शेवटचा सांधा तिथेच असतो, त्या निळ्यात.

बारावी पाकळी पहिलीला येऊन भिडते तो सांधा कधीच तंतोतंत जुळत नाही. केसभर फट राहते नाहीतर केसभर कागद वर चढतो. ही चूक जमिनीवर आली तर नदी तुटते, शहर दोनदा येतं, आणि शाळेतलं पोरही बरोबर तिथेच बोट ठेवतं. म्हणून सुरुवात अशी करायची की शेवट प्रशांत महासागराच्या मधोमध यावा. फटीत निळ्या कागदाची चिंधी भरायची, वरून रंगाचा हात फिरवायचा. ‘चूक पाण्यात सोडायची,’ बाबा म्हणतात. त्यांना त्यांच्या उस्तादांनी हेच शिकवलं, उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी. दुरुस्तीला आलेले परक्या देशांतले जुने गोल मी सोलले आहेत. सगळ्यांनी चूक तिथेच सोडलेली असते. पाण्याला कोण विचारतंय?

२

माझी धाकटी बहीण मात्र त्याच पाण्यावर नोकरीला होती.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी बसली तर ताप आलाय का म्हणून आई कपाळाला हात लावायची. मी गोलावर समुद्र चिकटवत राहिले आणि ती खरा समुद्र बघायला गेली, यावर बाबा विनोद करतात आणि मी हसते. खरं सांगायचं तर मला ते फारसं हसण्यासारखं वाटत नाही. आई गेल्यापासून घरात मला ‘ताई’ म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलंय.

तिची बोट समुद्राचा तळ मोजते. आवाज खाली सोडायचा, तो आदळून परत येईपर्यंत थांबायचं आणि खोली काढायची. ती म्हणते की चंद्राचा पृष्ठभाग आपल्याला समुद्राच्या तळापेक्षा जास्त नीट ठाऊक आहे. या वेळची फेरी प्रशांत महासागर आडवा ओलांडायची होती. फेरी संपली की ती कायमची घरी येणार होती. असं ती दर वेळी म्हणते, पण या वेळी तिने राजीनाम्याचं पत्र माझ्याकडून तपासून घेतलं होतं. मागच्या खोलीत तिच्यासाठी मी टेबल रिकामं करून ठेवलं होतं.

त्याच सुमारास मोठ्या वाचनालयाचं काम आलं. त्यांच्या नव्या दालनात मधोमध ठेवायला माझ्या छातीइतका उंच गोल हवा होता. इतका मोठा आम्ही कधी केला नव्हता. बाबा आठवडाभर नुसता गोळाच घासत होते.

मी अकरा पाकळ्या लावल्या. जन्मात इतक्या नीट लागल्या नव्हत्या. बारावी लावली, कडेपर्यंत दाबत नेली आणि थांबले.

बारावी पहिलीला पोचली नव्हती. मधे बोटभर रुंदीचा पांढरा गोळा उघडा दिसत होता, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत.

‘खळ पातळ झाली,’ बाबा म्हणाले.

‘खळ नेहमीचीच आहे.’

‘मग हवा कोरडी आहे.’

हवा इतकी दमट होती की दोरीवरचे खंड वाळता वाळत नव्हते. पण बापाला तोंडावर कोण सांगणार? मी सगळ्या पाकळ्या सोलल्या. गोळ्याचा घेर फीत लावून मोजला, बरोबर. कोऱ्या पाकळ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून मोजल्या, त्याही बरोबर. नवीन छापून आणलेल्या पुन्हा लावल्या. या वेळी फट दोन बोटं झाली.

बाबा खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. तेवढ्यात मला काय सुचलं कोण जाणे, मी फळीवरचे विक्रीचे जुने गोल एकेक करून फिरवायला लागले. शाळांचे छोटे, शोभेचे, टेबलावरचे. सगळे आमच्याच हातचे, वर्षानुवर्षं तिथे बसून धूळ खाणारे. प्रत्येकाच्या निळ्यात त्याच जागी एक उभी भेग गेली होती. बारीक आणि पांढरी.

कागद जुना झाला की तडकतो. मी तसं मोठ्याने म्हटलंही. बाबांनी मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून ते सगळे गोल भिंतीकडे तोंड करून ठेवले, आणि असं का केलं हे एकमेकांना विचारलं नाही.

३

भिंगरीचा फोन रविवारी दुपारी यायचा, उपग्रहावरून. बोललेलं पोचायला मधे जरा वेळ जायचा, त्यामुळे भांडणसुद्धा सभ्यपणे व्हायचं.

‘ताई, माहितेय, जगातल्या सगळ्यात एकट्या जागेच्या जवळून आम्ही गेलो. तिथून कुठलीही जमीन अडीच हजार किलोमीटरच्या आत नाही. तिथे सगळ्यात जवळची माणसं कोण, सांग.’

‘तुझे बोटीवरचे.’

‘ते सोडून गं. अंतराळ स्थानकातली! डोक्यावरून जातात तेव्हा चारशेच किलोमीटर लांब असतात. मी हात केला.’

‘त्यांनी केला का?’

‘शिष्ट आहेत.’ ती हसली. मग मधल्या वेळेपेक्षा थोडी जास्तच थांबली. ‘इथे एक गंमत झालीय. आकडा हलत नाहीये.’

‘कसला आकडा?’

‘रेखांशाचा. इंजिन चालू आहे, मागे फेसाचा पट्टा दिसतोय, खालचा तळ बदलतोय. पण आम्ही आहोत कुठे, तर काल होतो तिथेच. परवाही तिथेच. कंपनीवाले वरून बघतात आणि विचारतात, तुम्ही थांबलात का? कप्तान म्हणतो यंत्र बिघडलं. तीन यंत्रं आहेत, तिन्ही एकदम कशी बिघडतील?’

‘कुठला आकडा?’ मी विचारलं.

तिने सांगितला. मला गोलाकडे बघायची गरज नव्हती. तो सांधा माझ्या अंगठ्यांना पाठ होता. पण मी म्हणाले, ‘मग यंत्रच असेल बिघडलेलं.’

४

वाचनालयाच्या ग्रंथपालबाई काम बघायला आल्या. फार आनंदी बाई. गोलाभोवती एक फेरी मारली, आपलं गाव शोधलं, नणंदेचं सासर शोधलं आणि महासागराशी येऊन थबकल्या.

‘हे राहिलंय वाटतं?’

‘हो, थोडं राहिलंय,’ मी म्हणाले.

‘रंग मारून टाका की. पाण्यात काय, कुणाला कळतंय?’ उद्घाटन जवळ आलं होतं, त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांची पाठ वळताच बाबांनी निळा रंग कालवायला घेतला.

‘बाबा, थांबा. भिंगरी तिथे आहे.’

‘कुठे?’

मी पांढऱ्या पट्टीकडे बोट दाखवलं. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच लाज वाटली. छातीइतका प्लास्टरचा गोळा, त्यावर कागद, आणि त्यात म्हणे माझी बहीण आहे! मी शहाणी बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मी भाजी निवडते. म्हणून मी ठरवलं की मोजून बघायचं आणि हे खूळ एकदाचं डोक्यातून काढून टाकायचं.

बोट ज्या बंदरातून निघाली तिथे टाचणी टोचली, दोऱ्याचं टोक तिला बांधलं. रीळ जमिनीवर ठेवलं. पलीकडच्या बंदरापर्यंत दोरा न्यायचा आणि मोजायचा, हातभर लागला असता. मी दोरा ताणत उजवीकडे नेऊ लागले. बेटं ओलांडली. हात पट्टीवर आला.

रीळ फरशीवर गडगडत होतं. टक, टक, टक. मी हात पुढे नेत होते. पट्टी दोन बोटांची होती, माझी दोन बोटं तिच्यावर मावली होती, आणि मी हात पुढे नेत होते. खांद्याला कळत होतं की हात पुढे जातोय. डोळ्यांना दिसत होतं की तो पट्टीवरच आहे. दोरा कुठेही ढिला पडला नव्हता, गोळा झाला नव्हता. रीळ तेवढं फिरत होतं. मागच्या खोलीत पाणी टपटपत होतं. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि ती घंटी मला भलतीच लांबून ऐकू आली.

‘सोड,’ बाबा म्हणाले.

मला सोडता येईना. रीळ रिकामं झालं, उडी मारून टेबलाच्या पायावर आपटलं आणि मगच माझी बोटं उघडली.

बाबांनी टाचणीकडून दोरा परत ओढायला सुरुवात केली. ओढतच राहिले. त्यांच्या पायांशी ढीग झाला. पहिल्यांदा आला तो कोरडा होता, नंतरचा ओला. त्यांनी ओला दोरा जिभेला लावला.

‘खारट?’ मी विचारलं.

‘तुरटी,’ ते म्हणाले. बुरशी येऊ नये म्हणून खळीत आम्ही तुरटी घालतो, हे खरं आहे. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि कालवलेला निळा रंग उचलून मोरीत ओतून टाकला.

५

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. कंपनीतल्या माणसाने सांगितलं, बोट आम्हाला दिसतेय, एका जागी आहे, काळजी नसावी. मदतीला दुसरी बोट पाठवलीय. ती त्या आकड्याला पोचली तेव्हा तिथे मोकळं पाणी होतं. हे त्याने सांगितलं नाही, भिंगरीनेच नंतर सांगितलं. माझा जीव टांगणीला लागला होता. बाबा जेवायला बसायचे आणि ताट तसंच ठेवून उठायचे.

मग एका सकाळी फोन वाजला.

‘ताई.’ आवाज इतका जवळचा होता की मी मागे वळून पाहिलं.

‘भिंगरे, कशी आहेस तू? खातेस का नीट?’

‘अर्धं वाढतात. ते राहू दे. ऐक, मला कुणाला तरी सांगायचंय. किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिज किती लांब असतं, माहितेय? पाचच किलोमीटर. त्याच्यापुढे पृथ्वी खाली वळते. बोटीच्या वरच्या मजल्यावरून पंधरा-सोळा. बस. माणसाला याहून जास्त समुद्र कधी दिसतच नाही.’

‘बरं.’

‘इथे ते मागे सरकलंय.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘आधी वाटलं हवा स्वच्छ आहे. पण ते रोज मागे जातंय. पाणी वळतच नाही गं, नुसतं पुढे पुढे जातं. काल मला एका नजरेत चार पाऊस दिसले, वेगवेगळे, खेळण्याएवढे. त्यांच्या पलीकडे ऊन. त्या उन्हाच्याही पलीकडे...’ तिचा श्वास लागला होता. ‘ताई, भर दुपार होती. मी उन्हात उभी होते. आणि पार तिकडे रात्र होती. रात्र जिथून सुरू होते ती कड मला दिसत होती. चांदण्यांसकट. मी रडले. सगळेच रडले, कप्तानसुद्धा. इतकं मोठं काही असतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.’

तिच्या काळजीने मी अर्धमेली झाले होते आणि तरीही, खरं सांगते, मला क्षणभर तिचा हेवा वाटला.

‘डिझेल किती आहे?’ मी विचारलं. कुणीतरी विचारायला हवंच होतं.

‘संपत आलंय. मागे फिरलो तरी अंतर तितकंच आहे. सगळे लिहिताहेत घरी, पत्रं.’ मग तिचा आवाज एकदम लहान झाला. ‘परत नाही आले, तर तू रागावू नकोस हं.’

मग मी तिला पट्टीबद्दल सांगितलं. दोन बोटांची पांढरी पट्टी, ओला दोरा, सगळं. मधला वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला. मला वाटलं फोन कटला.

‘बुजवता येईल तुला?’ तिने विचारलं.

‘माहीत नाही.’

‘इथे वीसेक माणसं आहेत. दोघांना लहान मुलं आहेत.’ ती थांबली. ‘बुजव. पण जरा...’

तिला ‘जरा थांबून’ म्हणायचं होतं. मला ते कळलं. त्यानंतर नुसती खरखर ऐकू आली.

६

रंग लावून उपयोग नव्हता. रंगाखाली पट्टी उरलीच असती. चिंधी भरूनही उपयोग नव्हता, कारण नुसती निळी चिंधी म्हणजे तेवढाच आणखी समुद्र. दोन्ही कडा भिडायलाच हव्या होत्या.

‘ओढून घेऊ,’ बाबा म्हणाले. लागलेली पाकळी पुन्हा भिजवून ओढणं म्हणजे आमच्या धंद्यात वेडेपणा. कागद हमखास फाटतो. आणि फाटला तर काय होईल, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

दुपारी दार लावून घेतलं. कोमट पाण्यात फडकी भिजवून गोलावर गुंडाळली. कागद मऊ झाला, फुगला. बाबा पलीकडून, मी अलीकडून, मधे पट्टी. चार अंगठे. मधून कडेकडे, मधून कडेकडे, चापट खाऊन शिकले होते तसं.

कागद बोलतो. ओढताना कुरकुरतो, फाटायच्या आधी त्याचा आवाज बारीक होतो. मी कान लावून ओढत होते. पट्टी दीड बोट झाली, एक बोट झाली. मग माझ्या मनगटाला वारा लागला. दार बंद, खिडकी बंद, पंखा तर आम्ही ओल्या कामाला लावतच नाही. ऊबदार वारा होता, सलग येणारा. त्याला वास होता, आणि तो तुरटीचा नव्हता.

बाबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

‘बघू नको,’ ते म्हणाले. ‘नुसतं दाब.’

पट्टी काडीएवढी राहिली. मी बघितलं.

तिथे प्लास्टर नव्हतं. पांढरंही नव्हतं. एवढ्याशा चिरेत, माझ्या नाकाच्या टोकापासून वीतभर अंतरावर, लांबी होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. खोलीत बसून आपण भिंत बघतो, खिडकीतून समोरचं घर बघतो, फार तर डोंगर, फार तर चंद्र. नजर कुठेतरी जाऊन टेकते. इथे ती टेकेना. जात राहिली. पाणी, पाऊस, ऊन, मग ती कड, मग रात्र. आणि रात्रीच्या त्या कडेला दिवे होते. ओळीने. ते बोटीचे नव्हते. फार होते.

मी किती वेळ थांबले माहीत नाही. ‘अगं, दाब!’ बाबा ओरडले तेव्हा कागदाचा आवाज बारीक होऊन तुटायला आला होता. मी दाबलं. कडा भिडल्या. वारा थांबला.

बाबांनी डोळे उघडले, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘छान बसलाय.’ मग खाली फरशीवर बसून रडायला लागले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

७

डिझेलच्या शेवटच्या थेंबावर बोट पलीकडच्या बंदराला लागली. आकडा अचानक हलला, म्हणे. वाळक्या कागदासारखी होऊन भिंगरी घरी आली. मी तिला दारातच मिठी मारली आणि दोघींच्या हाडांचा आवाज झाला. आम्ही तिला खाऊ घातलं, झोपवलं, पुन्हा खाऊ घातलं. तिने राजीनामा दिला आणि रिकाम्या टेबलाशी येऊन बसली. कधीची माझी इच्छा होती, ती पुरी झाली.

ती कुठेही जात नव्हती. पाकळ्या कापायची, खळ ढवळायची. विचारलं तेवढंच बोलायची. कधीकधी उठून खिडकीशी जायची, समोरच्या भिंतीपर्यंत बघायची आणि परत येऊन बसायची. मोठा गोल वाचनालयात गेला, ग्रंथपालबाईंनी हार घातला. आम्ही दोघी उद्घाटनाला गेलो नाही.

एका दुपारी बाबा मागे पडून घोरत होते. कात्री खाली ठेवून ती म्हणाली, ‘ताई, कंपनीने चौकशी केली. यंत्र बिघडलं आणि आम्ही त्याच पाण्यात गोल गोल फिरत राहिलो, असं ठरलं. बाकीच्यांनी सह्या केल्या. मी कप्तानाला फोन केला होता. तो म्हणतो, उपाशी माणसाला काय वाटेल ते दिसतं. डॉक्टरही तेच म्हणतात.’

‘मग?’

‘मग तेच खरं असेल. रोज स्वतःला तसं सांगते. थोड्या दिवसांनी पटेलही.’ तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी अंधारात झोपताना, तू जागी आहेस ना, असं विचारायची, तेव्हाचे डोळे. ‘सांधा बुजवताना तू आत बघितलंस?’

मला उत्तर माहीत होतं. ‘प्लास्टर होतं,’ एवढं म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर ती हळूहळू बरी झाली असती, जाडजूड झाली असती, माझ्या शेजारी बसून पाकळ्या लावत म्हातारी झाली असती. मला दुसरं काय हवं होतं? शब्द अगदी तोंडाशी आला होता. पण ती समोर बसली होती, आणि ते सगळं एकटीने उरावर घेऊन बसली होती.

‘दिवे होते,’ मी म्हणाले.

फोनवर ती दिव्यांबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

‘कुठे?’

‘रात्रीच्या कडेला.’

‘ओळीने?’

‘ओळीने. फार होते.’

भिंगरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, म्हणून जवळ गेले, तर ती हसत होती. आल्यापासून पहिल्यांदा. गालांवर रंग आला होता, डोळे लखलखत होते, आणि घोड्यावर बसवलेल्या नव्या कोऱ्या गोळ्यावर तिने हात ठेवला होता.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘याच्या पाकळ्या कधी लावायच्या?’

मला भीती वाटली. तिच्याविना हे घर कसं होईल ते मला स्पष्ट दिसलं, रिकाम्या टेबलासकट. आणि त्याच वेळी मला त्या काडीएवढ्या चिरेची इतकी ओढ लागली की मी पदराला हात पुसले आणि खळ गॅसवर ठेवायला आत गेले.